कालव्यात न सापडलेली बाई

१

पावाची गाडी कालव्याचा कठडा तोडून अर्धी रस्त्यावर, अर्धी पाण्यावर लोंबकळत होती, आणि खाली कालव्यात पावच पाव तरंगत होते. बदकांची चंगळ चालली होती. त्यांना काय, पाव कुठून आले याची चौकशी ती थोडीच करणार?

ऊन कोवळं, रस्ता कोरडा आणि वळण असं, की शिकाऊ माणसानंही गप्पा मारत घ्यावं. पाववाला तर त्या वळणावरून रोज जात होता. त्याचा भोंगा ऐकला की रडकी पोरं गप्प व्हायची. आणि आज त्याच वळणावर त्यानं गाडी सरळच नेली होती, जणू पुढे रस्ता आहेच.

त्याला बाहेर ओढलं ते पाणकाकांनी. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची हे त्यांचं काम. राहायचे तिथेच, दारांशेजारच्या एका खोलीत. बायको गेल्यापासून बोलायला म्हणाल तर पाणी.

"गाडीचं पलीकडचं दार सताड उघडं होतं," ते फौजदारबाईंना सांगत होते. "तुटक्या कठड्यावर पाय देऊन त्यातूनच शिरलो. तो माझ्या अंगावर कलंडला. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ती उतरली. मग शुद्ध गेली."

"ती उतरली?"

"हो. बाई, कुणीतरी होती हो त्याच्याबरोबर!"

फौजदारबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं. ताज्या पावाचा आंबूस-गोड वास नाकात शिरला, इतका दाट की दुसरा कुठलाही वास त्यात बुडून जावा. शेजारच्या सीटवर पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा एक स्कार्फ पडला होता. बायका डोक्याला बांधतात तसला. उचलला तर ओलागच्च. उघड्या दाराच्या आतल्या मुठीला मळलेलं पीठ वाळून चिकटलं होतं. भट्टीची गाडी, तिला पीठ नाही लागणार तर काय कुंकू लागणार, असं म्हणून हवालदारानं ते नखानं खरवडायला घेतलं. बाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे."

तुटलेल्या कठड्याच्या बुडाशी एका शाळकरी पोराची पाण्याची बाटली पडली होती. शाळेची बस नुकतीच पोरांना घेऊन गेली होती. रोज ती पोरं याच कठड्याला टेकून उभी असतात, असं पाणकाका म्हणाले.

पाववाल्याला दवाखान्यात नेलं. रक्त फार गेलं होतं, दुसऱ्याचं चढवलं. त्याचं स्वतःचं तपासून बघावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कसली तपासणी? साधी सरळ सकाळ होती.

फौजदारबाई कालव्याच्या कडेला उभ्या राहिल्या. रस्त्यावर बाई नव्हती. आसपासच्या घरांतून कुणी बाई चालत गेलेली पाहिली नव्हती. उघड्या दाराखाली होतं ते फक्त वाहतं पाणी.

"पाणबुड्यांना बोलवा," त्या म्हणाल्या.

२

बदली होऊन आल्याला फौजदारबाईंना फार दिवस झाले नव्हते. लोक नमस्कार करत, चहा पाजत, पण दार लोटून घेताना दोन्ही हातांनी लोटत. भाड्याच्या खोलीत एक कॉट, एक खुर्ची आणि खिडकीत एक बारकासा लाल बूट. लेक तीन वर्षांची. ती आजीकडे, दूरच्या शहरात. बूट बांधाबांधीत इकडे आला होता, जोडीचा दुसरा तिकडे होता. आई फोनवर म्हणायची, पाठवून दे गं. बाई म्हणायच्या, हो, पाठवते. पाठवत नव्हत्या.

त्या दिवशीही आईचा फोन आला होता. "छोकरीला ताप आहे थोडा. तू नको काळजी करूस." असं म्हटलं की आई काळजी करायची थांबते, असं समजणाऱ्या माणसाला कधी मूल झालेलं असतं का, कोण जाणे. सांगणारी तर स्वतःची आईच होती.

दुसऱ्या दिवशी त्या पाववाल्याच्या घरी गेल्या. एकच खोली, पण लख्ख. दोरीवर लंगोट वाळत होते. चार महिन्यांचं बाळ पायांवर घेऊन पाववाल्याची बायको बसली होती. दाराशी बॅग भरून ठेवलेली.

"कुठे निघालात?"

"आईकडे. उद्याच्या बसनं."

"आणि ते? दवाखान्यात कालपासून त्यांच्याजवळ कुणी नाही. नर्सबाई सांगत होत्या, पाय वाचतो की नाही ते अजून..."

"मी नाही जायची." तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. ते सारखंच होतं. "जी उतरली तिला पाठवा."

बाई खाली चटईवर बसल्या. पोलिसाला चटईवर बसताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण तिचा आवाज जरा खाली आला.

"सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, ताई. नळावर गेले तर बायका बोलायच्या थांबतात. थांबू नये हो, बोलावं. थांबल्या की जास्त ऐकू येतं."

"परवा रात्री घरी नव्हते ते?"

"नाही. संध्याकाळी फोन आला, काम जास्त आहे, भट्टीवरच पडतो म्हणून. तेव्हाच कळायला हवं होतं मला. किती गोड बोलत होते! 'राणी' म्हणाले. लग्नाला तीन वर्षं झाली, कधी राणी म्हटलं नाही. दुसरीकडे जीव लागला की घरी असंच गोड बोलतात ना?"

"कधी कधी," बाई म्हणाल्या. त्यांना त्याचा अनुभव होता, पण तो सांगायची ही वेळ नव्हती. "पितात का?"

"प्यायचे. बाळ झालं त्या दिवशी सोडली. बाळाची शपथ घेतली, माझ्यासमोर. तेवढं मात्र पाळलं हो त्यांनी. खोटं कशाला बोलू?"

बाईंनी पिशवीतून तो पिवळा स्कार्फ काढला. पाववाल्याच्या बायकोनं तो नुसता पाहिला. हात लावला नाही.

"हा चिमणीचा," ती म्हणाली. "भट्टीवर गल्ल्यावर बसते ना, तिचा."

३

पण चिमणी बुडाली नव्हती. ती गल्ल्यावर होती, पाव मोजून देत होती, आणि तिचे डोळे सुजले होते.

भट्टीत गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. पाव तेवढेच खपत होते, बघे वाढले होते. एक जाड बाई पिशवी पुढे करत म्हणाली, "काय गं चिमणे, पोहता चांगलं येतं वाटतं तुला?" मागे दोघी खुदकन हसल्या. चिमणीनं खाली मान घालून सुटे पैसे दिले.

एका लहान मुलीनं काचेवर बोट टेकवलं. "हा लिंबाचा केक आहे?"

"आहे. पण आत लिंबू नाही हं," चिमणीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "बाटलीतला वास आहे नुसता. आमच्या भट्टीत खरं लिंबू कधी शिरलं नाही." मुलगी हसली. चिमणीही अर्धवट हसली आणि मग फौजदारबाई दिसल्या तशी ते हसू जागीच विझलं.

"स्कार्फ तुझा?"

"माझा. हरवला होता."

"कधी?"

"आठवत नाही."

"काल सकाळी तू गाडीत होतीस?"

"नव्हते." मग फार हळू, "पण लोक म्हणतात तर म्हणू देत."

असं कुणी म्हणतं का? निरपराध माणूस रडेल, भांडेल, शिव्या देईल. अपराधी माणूस साक्षीदार गोळा करेल. म्हणू देत म्हणणारं माणूस काहीतरी पदराखाली झाकून उभं असतं.

तेवढ्यात आतून मालक आले. कोपरापर्यंत पीठ, नखांत पीठ, भुवयांवर पीठ. "या, या फौजदारबाई! हात मिळवत नाही, बघताच आहात. ही भट्टी माझ्या या दोन हातांवर चालते. पिठात दुसऱ्याचा हात मी खपवून घेत नाही. ही गल्ल्यावर, पाववाला गाडीवर, दोन कामगार आगीशी. पीठ फक्त माझं."

"पाववाला कसा माणूस?"

"सोनं हो, सोनं! व्यसन नाही, काही नाही. बाईच्या नादानं गेला बिचारा." त्यांनी गल्ल्याकडे एक नजर टाकली आणि लगेच उचलली. "पण झाकली मूठ असू दे. त्याला बायको आहे, लेकरू आहे. तो काही आता सांगायला उठत नाही. कशाला उकरायचं?"

बोलत बोलत ते हात धुवायला मोरीकडे वळले. बाई मागोमाग गेल्या. मोरीजवळच्या कचऱ्याच्या बादलीत पिळलेल्या लिंबांच्या फोडी पडल्या होत्या. वाळून कडक झालेल्या, एकावर एक. चांगल्या ओंजळभर.

"इतकी लिंबं?"

"केकला लागतात," मालक म्हणाले आणि नळ जोरात सोडला.

बाई बाहेर आल्या. काहीतरी टोचत होतं. पायात काटा असावा आणि दिसू नये, तसं. मालक खोटं बोलले होते, पण लिंबासारख्या गोष्टीसाठी कोण खोटं बोलतं?

चौकात हवालदार धापा टाकत आला. "बाई, पाणबुड्यांनी सगळा कालवा चाळला. काही नाही. आणि पाणकाकांना काहीतरी झालंय. कालपासून ते जेवले नाहीत. पाण्याकडे बघत बसलेत, हलायला तयार नाहीत."

४

पाणकाकांनी वरचं दार बंद केलं होतं. कालव्यातलं पाणी हळूहळू ओसरत होतं आणि दोन्ही काठांना ओली रेघ दिसू लागली होती. ते तिथेच दगडावर बसले होते, गुडघ्यांत हात घालून.

"पाणी पूर्ण उतरलं की दिसेल ती," ते म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत उतरेल."

"काका, दोन घास खा."

"मी त्याला ओढत बसलो, बाई. तेवढ्या वेळात ती इथूनच वाहत गेली असणार, माझ्या पाठीमागून. मी एकदा वळून पाहिलं असतं तर? आयुष्यभर पाणी राखलं आणि एक बाई राखता आली नाही."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. दोन एकटी माणसं शेजारी बसली की एकटेपण निम्मं होतं म्हणतात. तसं काही नसतं. ते नुसतं शेजारी शेजारी बसतं.

"काका, तो काय म्हणाला, ते पुन्हा सांगा. त्याच्याच शब्दांत. तुम्ही लावलेला अर्थ नको."

"सांगितलं की. ती उतरली."

"'ती' म्हणाला?"

काका अडखळले. "ती... आता 'ती' म्हणाला का? नाही वाटतं. पण उतरली म्हणजे तीच ना? तो असता तर उतरला म्हणाला असता. एवढं व्याकरण मलाही येतं."

"मग काय म्हणाला?"

त्यांनी डोळे मिटले. "'उतरलीय,' म्हणाला. 'पूर्ण उतरलीय.' दोनदा. माझ्याकडे बघून, अगदी पटवून देत असल्यासारखा. मी तो पूर्ण-बिर्ण सोडून दिला. डोक्याला मार लागलेला माणूस, बरळतो काहीबाही."

"आणखी काही आठवतं? अंगावर, कपड्यांवर?"

"केस ओले होते. थबथबलेले. मानेवरून पाणी गळत होतं."

बाईंनी कठड्याकडे पाहिलं. गाडी पाण्यावर लोंबकळली होती, पाण्यात पडली नव्हती. पाववाल्याला तर कालव्याच्या पाण्याचा थेंबही लागला नव्हता. स्कार्फ ओला, केस ओले आणि आभाळ दोन आठवडे कोरडं ठणठणीत.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"अगं, घाबरू नको, चांगलीच बातमी आहे. छोकरीचा ताप उतरला. पूर्ण उतरला बघ! आत्ता खिमट खाल्लं आणि दुसरा बूट कुठाय म्हणून रडतेय."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"हॅलो? ऐकतेस ना?"

"ऐकतेय आई. पुन्हा म्हण."

"काय? ताप पूर्ण उतरला."

समोर पाणी ओसरत होतं. संध्याकाळपर्यंत पूर्ण उतरणार होतं. फौजदारबाईंनी फोन खिशात टाकला आणि पाणकाकांकडे वळल्या. चेहरा असा, की म्हातारा दगडावरून उठलाच.

"काका, मला एक सांगा. बाई कधी अर्धी उतरते का हो?"

५

भट्टीचं शटर बाईंनी स्वतः अर्धं ओढलं. आत चिमणी, मालक आणि बाई, एवढेच.

"पाणी पूर्ण उतरतं," बाई म्हणाल्या. "ताप पूर्ण उतरतो. बाई नुसती उतरते. तिला पूर्ण उतरावं लागत नाही. मग पूर्ण उतरणारी 'ती' कोण?"

मालकांनी पिठाचा हात कपाळाला पुसला.

"चिमणे, तू सांगतेस की मी सांगू?"

चिमणी गल्ल्याच्या कडेला घट्ट धरून उभी होती.

"बरं, मीच सांगते. परवा संध्याकाळी इथे कसलीतरी पार्टी झाली असणार. पाववाला प्यायला. बायकोला फोन करून राणी म्हणाला, कारण शुद्धीत असता तर त्याला लाज वाटली असती. पिऊन घरी जायची हिंमत नव्हती, बाळाची शपथ मोडली होती. म्हणून इथेच झोपला. सकाळी उठला तेव्हा नशेत होता. तुम्ही त्याला लिंबू पाजलं. तुमच्या केकात शिरत नाही ते खरं लिंबू. नळाखाली डोकं धरलं, आणि चिमणीनं स्वतःचा स्कार्फ सोडून त्याचे केस पुसले. आणि मग विचारलंत, उतरली का रे?"

"मी विचारलं," चिमणी एकदम म्हणाली. "तो म्हणाला, उतरलीय. पूर्ण उतरलीय. मी म्हटलं, बघ हं. तो म्हणाला, अगं आई, पूर्ण!"

"चूप बस!" मालक ओरडले.

"नाही बसत!" तिचा आवाज फुटला. "वाढदिवस माझा होता, बाई. तो घेत नव्हता. दोनदा ग्लास बाजूला सारला. मीच म्हटलं, आता काय बायकोची चिठ्ठी आणणार? सगळे हसले. तोही हसला आणि त्यानं घेतली. माझ्या एका विनोदापायी. म्हणून मी गप्प बसले. मालक म्हणाले, पिऊन चालवली हे बाहेर आलं तर त्याची नोकरी जाईल, तुरुंगात जाईल, बायको-बाळ रस्त्यावर येतील. बाईची कुजबुज चार दिवसांत विरते. मला वाटलं, निदान एवढं तरी करावं. नाव खराब होऊ दे माझं."

"आणि त्याची बायको? तिचं काय विरणार होतं?"

चिमणीनं तोंडावर हात घेतला. हे तिच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं.

"हे बघा बाई," मालक आता मऊ झाले, "रात्रभर झोपला होता तो. सकाळ झाली होती. सरळ चालत होता, बोलत होता. मला खरंच वाटलं, उतरली. आणि पाव थांबतो का? दुपारी शिळा."

"तुम्हाला खरंच वाटलं?"

"देवाशपथ."

"मग गाडीत त्याच्या शेजारी कशाला बसलात?"

मालकांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तसा तो होताच.

"गाडीच्या पलीकडच्या दाराची आतली मूठ पिठानं माखली होती. पाववाला पिठाला शिवत नाही. चिमणी शिवत नाही. पिठात हात फक्त तुमचा, ते तुम्हीच सांगितलंत. तुम्ही शेजारी बसलात, गाडी सरळ जाते का बघायला. ज्याला खात्री असते तो बघायला बसत नाही. त्या गाडीतून एक माणूस खरंच उतरला होता, मालक. तो तुम्ही. उतरून तुम्ही दार लोटलंत, पण ते नीट लागलं नाही. आणि गाडी चालवणाऱ्याला वळणापर्यंत आपल्या शेजारचं उघडं दार दिसलं नाही. इतकी उतरली होती त्याची."

भट्टीत कुठेतरी तवे गार होताना टिकटिकत होते.

"लिंबानं तोंड आंबट होतं. पाण्यानं केस ओले होतात. झोपेनं माणसाला वाटायला लागतं की आपण बरे आहोत, आणि तेच जास्त वाईट, कारण मग तो किल्ली मागतो. दारू तिच्या वेळेनं उतरते. सकाळ झाली म्हणून नाही, पाव शिळा होतो म्हणून नाही, आणि कुणी शपथ घेतली म्हणून तर नाहीच." बाईंनी पिशवीतून ती शाळकरी बाटली काढून गल्ल्यावर ठेवली. "ही त्या कठड्याशी सापडली. पोरं तिथे टेकून उभी असतात. बस त्या दिवशी वेळेवर आली, एवढंच. ते श्रेय तुमचंही नाही आणि त्याचंही नाही."

मालक खाली बसले, पिठाच्या पोत्यावर.

"किल्ली कुणी दिली?" बाईंनी विचारलं.

"मी," चिमणी म्हणाली. "गल्ल्यातच असते. मनातून वाटत होतं, देऊ नये. पण मालक घाई करत होते आणि तो हात पुढे करून उभा होता. मी दिली." तिनं डोळे पुसले. "आता जो कुणी गाडीवर येईल त्याला आधी विचारणार, काल घेतली होतीस का. हो म्हणाला, तर पाव मी डोक्यावरून नेईन घरोघर. किल्ली नाही."

६

पाणकाकांना बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं. "कुणी बुडालं नाही, काका. गाडीत बाई नव्हतीच."

"नव्हतीच?"

"नव्हतीच."

ते बराच वेळ ओसरलेल्या पाण्याकडे बघत राहिले. दोन दिवस त्यांनी तिला मनात जपलं होतं. तिचा चेहराही बनवला असावा, बहुतेक ओळखीचाच. आता तीही गेली. मग उठून त्यांनी वरचं दार उघडलं आणि पाणी खळखळत आत आलं. "बदकं उपाशी असतील," ते म्हणाले, "आणि मीही."

पाववाल्याच्या बायकोला सांगणं सोपं नव्हतं. बाई पहाटेच तिच्याकडे गेल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. स्कार्फ, लिंबू, 'राणी', सगळं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"म्हणजे बाई नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"असती तर बरं झालं असतं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तिच्याशी भांडता तरी आलं असतं. हिच्याशी कशी भांडू? ही तर आधीपासून घरात होती. मी बाळाला पाजत होते आणि वाटत होतं, गेली एकदाची."

"ते काल शुद्धीवर आले. पाय वाचला आहे. कुणी आलंय का, असं विचारत होते."

"बस आठ वाजताची आहे," ती म्हणाली आणि बॅगेचा पट्टा ओढला.

बाईंनी बॅग उचलून थांब्यापर्यंत नेली, तिला बसमध्ये बसवलं, बाळाच्या पायातून निसटलेला मोजा पुन्हा चढवला. बस सुटली. मग त्या आपल्या मोटरसायकलवरून दवाखान्याकडे निघाल्या, कारण जबाब घ्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर, त्या माणसाजवळ कुणीतरी बसायला हवं होतं.

पाववाला खिडकीशेजारच्या खाटेवर होता. डोकं बांधलेलं, दाढी वाढलेली. त्यानं बाईंच्या गणवेशाकडे पाहिलं आणि लगेच दाराकडे.

"ती नाही आली?"

"आईकडे निघालीय."

त्यानं मान हलवली. "बरोबर आहे." थोड्या वेळानं म्हणाला, "मला वाटलं होतं हो, बाई. खरंच वाटलं होतं की उतरलीय."

"सगळ्यांनाच वाटतं," बाई म्हणाल्या.

खिडकीखालून मोठा रस्ता जात होता. आईकडे जाणारी बस गावभर फिरून याच रस्त्यानं जाते, दवाखान्याच्या थांब्यावर क्षणभर टेकते, कुणी असलं तर. नसलं तर थांबतही नाही. बाईंच्या खिशात फोन होता. त्यांनी मनाशी ठरवलं, आज तो लाल बूट टपालानं पाठवायचा नाही. स्वतः घेऊन जायचा. रजा मिळो न मिळो.

लांबून बस दिसली. वेग कमी झाला नाही. पाववाल्यानं डोळे मिटून घेतले, न बघायचं ठरवून. थांबा जवळ आला, आला, मागे पडला असं वाटलं, आणि तेवढ्यात बसची घंटी दोनदा, घाईघाईनं, कुणीतरी हट्टानं ओढावी तशी वाजली. बस पुढे जाऊन कचकन थांबली.

"काय झालं?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

फौजदारबाई खिडकीशी उभ्या होत्या. खाली बसचं दार उघडलं. आधी बॅग बाहेर आली. मग एक पाऊल, सावकाश, खांद्यावरचं झोपलेलं बाळ सांभाळत. चेहऱ्यावर माफी नव्हती, लांबूनही ते दिसत होतं. जाब विचारायला आलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"सांगा ना बाई, काय झालं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "ती उतरली."